क्रॉलरचं वजन उतरवायचंय, पण नेमकं कुठलं?

मंदगती
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे एससीएक्स१०-२ (१/१० मापाची गाडी) च्या सांगाड्यावर बांधलेली क्रॉलर आहे, म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटची गाडी. व्हीलबेस (दोन एक्सलमधलं अंतर) ३१३ मिमी, १.९ इंची चाकं, ३५ टर्नची ब्रश्ड मोटर, थ्री-एस लिपो (तीन सेलची लिथियम बॅटरी). पहिलं वर्ष मजेत गेलं. मग मी व्हिडिओ बघायला लागलो आणि जो तो पितळ लावा, पितळ लावा म्हणतोय म्हणून मीही लावत सुटलो. पुढे पितळी नकल (पुढची चाकं वळतात ते सांधे, ११८ ग्रॅमची जोडी), दोन्ही एक्सलला पितळी डिफ कव्हर (एक्सलमधल्या गिअरचं झाकण), चारी चाकांत १००-१०० ग्रॅमच्या कड्या. एकूण पितळ ६२० ग्रॅम. शिवाय दिसायला झकास म्हणून वर रूफ रॅक, त्यावर दोन जेरीकॅन, मागच्या दारावर स्टेपनी, आत सीटं आणि दोन बाहुले. काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर ३४१२ ग्रॅम!

त्रास असा की उभ्या चढावर पुढची चाकं सुटतात आणि गाडी उताणी पडते. आडव्या उतारावर तर कुशीवर झोपायला निमित्तच शोधते. सर्वोवर (चाकं वळवणारी छोटी मोटर) पाच मिनिटांनी बोट ठेववत नाही. मागच्या रविवारी पुढचा ड्राइव्हशाफ्ट पिळवटून निघाला.

प्रश्न साधा आहे, कुठून सुरुवात करू? टायटॅनियमचे स्क्रू आणि कार्बन फायबरचा चासी डोळ्यासमोर आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

स्क्रूढिला
सुरुवात बाहुल्यांपासून करा. फुकटे प्रवासी आहेत.

टॉर्कमामा
वजन कमी करायच्या भानगडीत पडूच नका असं माझं मत. क्रॉलरला वजन लागतंच. वजन असेल तर टायर दगडाला चिकटतो, हलकी गाडी नुसती घसरते. माझी टीआरएक्स-४ (ट्रॅक्ससची क्रॉलर) साडेतीन किलोच्या वर आहे आणि कुठे अडत नाही. तुमचा सर्वो कमी ताकदीचा असणार, ३५ किलो टॉर्कचा टाका, विषय संपला.

वाकडा_लिंक
मामा, सर्वो बदलल्याने गाडी उताणी पडायची कशी थांबेल?

मंदगती, खर्च करायच्या आधी अर्धा तास मोजमापाला द्या. पुढची दोन चाकं काट्यावर ठेवा आणि मागची दोन काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांच्या चळतीवर. उंची सारखी हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. मग उलटं करून मागचं मोजा. दोन्हींची बेरीज एकूण वजनाशी जुळली की समजा मोजणी बरोबर. चढणाऱ्या गाडीला पुढे ५५ ते ६० टक्के हवं. तुमचं पुढचं पन्नासच्या आत असणार, पैज लावतो.

दुसरं मोजमाप गुरुत्वमध्याचं. फळीवर गाडी आडवी उभी करा, फळीला मोबाइल टेकवा, कोन दाखवणारं ॲप चालू करा आणि एक कड हळूहळू उचला. वरच्या बाजूची चाकं सुटली की कोन टिपून ठेवा. चाकं खाली घसरत असतील तर खालच्या बाजूने बारीक पट्टी लावा. हा कोन प्रत्येक बदलानंतर घ्यायचा. अंदाजपंचे कामाला एवढा एक आकडा पुरतो.

मंदगती
बाप रे, लगेच मोजलं. पुढे १५६०, मागे १८५२. म्हणजे पुढे ४५.७ टक्के. आणि फळीवर ४२ अंशाला कलंडली. पैज जिंकलात.

वाकडा_लिंक
मग उताणी पडते यात नवल ते काय! चढावर गाडी मागच्या चाकांच्या टेकूवर उलटते. गुरुत्वमध्य मागच्या एक्सलपासून जेवढा पुढे आणि जेवढा खाली, तेवढा जास्त उभा चढ पेलतो. तुमच्या व्हीलबेसवर ४५.७ टक्के म्हणजे मागच्या एक्सलपासून १४३ मिमी पुढे. तेच ५८ टक्के केलं तर १८१ मिमी. समजा गुरुत्वमध्य चाकांच्या टेकण्यापासून ११० मिमी वर आहे, तर उलटायचा कोन साधारण ५२ अंशांवरून ५९ वर जातो. तोच गुरुत्वमध्य ९० वर आणला तर ६३ च्या पुढे. स्प्रिंगा दबतात, मागचं बूड बसतं, त्यामुळे खऱ्या दगडावर यातलं थोडं गळतं, पण दिशा हीच.

फिरकी
टॉर्कमामांचा मुद्दा मला अर्धा पटतो, अर्धा नाही. जास्त वजनाने पकड वाढते हे खरं, पण त्याच चढावर गाडीला खाली ओढणारं बळही त्याच प्रमाणात वाढतं. दोन्ही बाजूंना वजन आहे, कटून जातं. उलट रबराचा स्वभाव असा की भार वाढला की घर्षणाचा गुणांक थोडा उतरतो, म्हणजे हलक्या गाडीला किंचित फायदाच.

मग पितळ लावल्यावर गाडी सुधारल्यासारखी का वाटते? एक, ते खाली लागतं म्हणून गुरुत्वमध्य उतरतो. दोन, भाराने टायर दबतो आणि दगडाच्या खाचेत पसरतो. यातलं दुसरं काम टायरच्या आतल्या मऊ फोमने फुकटात होतं.

टॉर्कमामा
फुकटात काही होत नसतं. मऊ फोम घातला की आडव्या उतारावर टायर दुमडतो आणि गाडी पडते.

फिरकी
मान्य. म्हणूनच बाहेरून मऊ आणि आत कडक असे दुहेरी फोम लोक वापरतात. तडजोड आहेच, फक्त सहाशे ग्रॅम पितळापेक्षा हलकी तडजोड आहे :)

चिमणी_२४
इथे एक वेगळी बाजू. माझ्याकडे एससीएक्स२४ (१/२४ मापाची क्रॉलर) आहे आणि तिथे पितळ लावल्याशिवाय गत्यंतर नाही. छोट्या गाडीचं गणितच निराळं. १/१० ची १/२४ केली की लांबी २.४ पटीने घटते पण वजन २.४ च्या घनाने, म्हणजे जवळजवळ १४ पटीने. मोठी साडेतीन किलोची असेल तर धाकटी पाव किलोच्या आगेमागे. टायरचं रबर आणि शॉकमधली घासाघीस मात्र १४ पटीने कमी होत नाही, म्हणून सस्पेन्शन दबतच नाही, गाडी खेळण्यासारखी टुणटुण उडते. पुढच्या एक्सलला ३०-४० ग्रॅम पितळ लावलं की तीच गाडी शहाण्यासारखी वागते. मला वाटतं बरेच व्हिडिओ छोट्या गाड्यांचे असतात आणि लोक तोच सल्ला मोठीला लावतात.

स्क्रूढिला
चिमणीताई, खेळण्यासारखी म्हणजे? हे खेळणं नाहीये असं मी घरी गेली चार वर्षं सांगतोय, तुम्ही एका ओळीत घालवलंत.

पितळेचा_भाऊ
माझं टोपणनाव बघून कळलं असेल मी कुठल्या पक्षाचा. तरी मंदगतींनी केलं ते चूकच आहे. पितळ पुढे लावायचं असतं, मागच्या चाकांत कड्या कशाला? मागचे २०० ग्रॅम उद्याच काढा. मागचं डिफ कव्हरही प्लास्टिकचं परत लावा.

आणि टायटॅनियमचे स्क्रू विसरा. एम३ चा एक स्क्रू एक ग्रॅमच्या आत भरतो, त्यातला निम्म्याहून थोडा कमी भाग वाचणार. शंभर स्क्रू बदलून जेवढं वाचेल तेवढं तुमच्या एका जेरीकॅनमध्ये आहे.

अनुस्वार
वाचतेय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

सावकाश_काका
जरा सविस्तर लिहितो, वय झालंय, घाईत लिहिता येत नाही.

मी वजनाची उतरंड लावतो ती अशी की गाडी टेबलावर घ्यायची, डोळे टेबलाच्या पातळीला आणायचे आणि वरून खाली यायचं, जे सगळ्यात उंचावर आहे ते आधी निघालं पाहिजे. रूफ रॅक जमिनीपासून २५ सेंमी वर असतो. तिथले १०० ग्रॅम उलटवण्यासाठी जेवढं बळ लावतात तेवढं आवरायला चाकाच्या मध्याशी किती पितळ लागेल याचा हिशेब मी एकदा केला होता. समजा गुरुत्वमध्य १०० मिमी वर धरला, तर रॅक त्याच्या १५० मिमी वर आणि चाकाचा मध्य ४० मिमी खाली. म्हणजे वरचे १०० ग्रॅम आवरायला खाली ३७५ ग्रॅम! मंदगती, तुमच्या पितळातलं निम्म्याहून जास्त नुसतं तो रॅक आवरण्यात खर्ची पडतंय. आधी टोपी घालायची आणि मग टोपी उडू नये म्हणून डोक्याला दगड बांधायचा, तशातली गत.

रॅकनंतर स्टेपनी. ती दिसायला निरुपद्रवी, पण मागच्या एक्सलच्याही मागे टांगलेली. तिचं वजन मागे पडतं ते पडतंच, वर तरफेसारखी पुढचं टोक उचलते. काढून बघा, पुढच्या चाकांवरचा आकडा वाढेल. काहीही न लावता पुढचं वजन वाढतं, ही गंमत काट्यावर बघण्यासारखी असते.

मग बॉडी. एबीएस प्लास्टिकची हार्ड बॉडी आतल्या सामानासकट सहाशे-सातशे ग्रॅमच्या पुढे सहज जाते, लेक्सनची (पातळ पॉलीकार्बोनेटची) रंगवून दोन-अडीचशेत येते. तुटण्याचं म्हणाल तर लेक्सन वाकते, हार्ड बॉडी तडकते. पण हार्ड बॉडीचा देखणेपणा लेक्सनला नाही, खरं आहे. मी स्वतः अजून हार्ड बॉडीच वापरतो, आतून मागच्या सीटांचा भाग कापून टाकलाय.

शेवटी बॅटरी. कितीची आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत.

मंदगती
काका, ५००० एमएएचची, थ्री-एस, हार्डकेस. आत्ता वजन केलं, ३८४ ग्रॅम. बसवलीये सीटांच्या मागे, आडवी.

सावकाश_काका
ऐकूनच धाप लागली. एका फेरीत किती वेळ चालवता?

मंदगती
पाऊण तास. उरलेली अर्ध्याहून जास्त भरलेली घरी येते.

सावकाश_काका
म्हणजे दर वेळी अर्धी बॅटरी नुसती फिरवून आणता.

वोल्टेज_वहिनी
बॅटरीबद्दल मी बोलते. १३००-१५०० ची थ्री-एस सव्वाशे-दीडशे ग्रॅममध्ये मिळते. क्रॉलर सरासरीने दोन-तीन अँपिअर खाते, त्यामुळे १५०० वर तीस-चाळीस मिनिटं जातात. दोन छोट्या बॅटऱ्या जवळ ठेवा, एक गाडीत, एक खिशात. जागा मोटरच्या पुढे, सर्वोच्या वर, पुढच्या एक्सलच्या जितकं जवळ जाता येईल तितकं.

दोन सूचना. छोटी बॅटरी घेताना सी रेटिंग (बॅटरी किती करंट देऊ शकते ते) अगदीच हलकं नको. चाक अडकलं, मोटर थांबली आणि त्याच क्षणी सर्वोनेही जोर लावला की करंट उसळतो, व्होल्टेज बसतं आणि रिसीव्हर झोपतो. लोकांना वाटतं रेडिओ खराब. मी यापायी एक चांगला रिसीव्हर उगाच बदललाय, नंतर कळलं बीईसीचाच (रिसीव्हर आणि सर्वोला वीज पुरवणारा भाग) जीव छोटा होता. दुसरं, ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) लिपोचा कट-ऑफ चालू आहे ना बघा, छोटी बॅटरी कधी संपली ते कळत नाही आणि सेल फुगतात.

टॉर्कमामा
आता बॅटरी पण हलकी, बॉडी पण हलकी. वाऱ्याने उडेल हो गाडी.

एक गंभीर प्रश्न विचारतो, थट्टा बाजूला. वरचा भाग हलका केला की टॉर्क ट्विस्ट वाढतो त्याचं काय? ड्राइव्हशाफ्टच्या पिळाने चासी एका बाजूला वळतो आणि पुढचं एक चाक हलकं होतं. वरच्या वजनाने तो पीळ दाबून धरला जातो. मी लेक्सन लावून बघितली होती, थ्रॉटल दिला की गाडी कंबर मोडल्यासारखी वाकायची. आठ दिवसांत काढली.

वाकडा_लिंक
मामा, हा प्रश्न लाखमोलाचा आहे आणि धाग्यात पहिल्यांदा कुणीतरी खरी अडचण काढली. होतं असं. वजन उतरवलं की जुन्या स्प्रिंगा आणि जुना फोम त्या गाडीला शोभत नाहीत, सगळं पुन्हा जुळवावं लागतं. बहुतेक लोक नवी बॉडी चढवतात, एक चक्कर मारतात आणि हलकी गाडी वाईट असा निकाल देऊन मोकळे होतात.

तुमच्या टीआरएक्स-४ ला पोर्टल आहेत ना, म्हणजे शेवटची गिअर-घट चाकापाशीच होते, त्यामुळे ड्राइव्हशाफ्टमधला पीळ मुळात कमी. तरी वळत असेल तर शॉक एकदा उघडून बघा. एका बाजूचा अडखळत असला तरी हेच दिसतं. वरच्या लिंकांचे (एक्सल चासीला जोडणाऱ्या दांड्या) कोन बदलूनही फरक पडतो, पण तो वेगळा धागा होईल.

टॉर्कमामा
शॉक उघडायला कोण बसतंय. बघतो.

चाकोरी
अवांतर: नवशिक्यांसाठी, धातूंचा अंदाज असावा. एका घनसेंटिमीटरला पितळ साडेआठ ग्रॅमच्या आसपास, स्टील पावणेआठ, टायटॅनियम साडेचार, ॲल्युमिनियम २.७, कार्बन फायबर १.६, डेलरिन प्लास्टिक १.४. त्यामुळे ॲल्युमिनियमचा भाग लावला म्हणजे गाडी हलकी झाली असं समजू नका, बऱ्याचदा तो प्लास्टिकच्या जागी बसतो आणि वजन वाढतंच. आणि कार्बन फायबरच्या चासीचं खरं काम बॅटरी-मोटर खाली उतरवणं हे आहे. ग्रॅम वाचतात ते वरकड.

पितळेचा_भाऊ
+१. खालच्या लिंका मात्र स्टीलच्या किंवा टायटॅनियमच्याच ठेवा. ॲल्युमिनियमच्या लिंका दगडावर घासून चरे पडतात, मग चऱ्यात दगड अडकतो. गाडी पोटावर टेकते तिथे गुळगुळीतपणा महत्त्वाचा, वजन तर तिथे खालीच असतं.

मंदगती
सगळ्यांचे आभार. दोन रविवार खर्च करून आलोय, अहवाल देतो.

पहिला रविवार: रॅक जेरीकॅनसकट काढला (१४०), स्टेपनी (१६८), सीटं आणि बाहुले (९५), मागच्या चाकांतल्या कड्या (२००), मागचं डिफ कव्हर प्लास्टिकचं (४६ वाचले), बॅटरी १५०० ची, १३२ ग्रॅम, पुढे सर्वोच्या डोक्यावर वेलक्रोने. एकूण २५११. पुढे १५१५, मागे ९९६. म्हणजे ६० टक्के पुढे आणि त्यासाठी एक नवीन ग्रॅम लावलेला नाही! काका, स्टेपनीची गंमत बघितली, पुढचा आकडा खरंच वाढला, बायकोलाही बोलावून दाखवला, तिने काटा परत मागितला.

चढावर फरक कसा सांगू. एक खडक आहे, माझ्या गुडघ्याएवढा, वरच्या कडेला एक बोटभर खाच. इतके दिवस पुढची चाकं खाचेपर्यंत जायची, मागची खालच्या फटीत रुतायची आणि थ्रॉटल दिला की आकाशदर्शन. या वेळी मागची चाकं रुतली, मी सवयीने हात पुढे केला झेलायला, आणि गाडी क्षणभर थांबली, उजवं पुढचं चाक कडेवर घासत घासत वर आलं आणि बाकीची गाडी त्याच्या मागून निमूट आली. मी एकटाच होतो, टाळ्या वाजवायला कुणी नाही.

पण उतरताना पंचाईत. तोच खडक खाली उतरायला गेलो तर नाकावर उभी राहिली, दोनदा कोलांटी. आणि चाकं उड्या मारायला लागली होती, टायर दबतच नव्हता.

दुसरा रविवार: बीडलॉक (टायर रिमला आवळून धरणाऱ्या रिंगा) उघडून फोम बाहेर काढले आणि आतल्या बाजूने कात्रीने त्रिकोणी खाचा मारल्या, चांदणी काढतात तशा. पुढच्या चाकांतल्या कड्याही काढल्या. आता २३११, पुढे १३१५, म्हणजे ५७ टक्के. फळीवर ४९ अंशांपर्यंत टिकते. उतरताना कोलांटी एकदाच, तीही माझ्याच घाईने. चढाव पहिल्या रविवारइतकाच जमतो. सर्वो कोमट.

फिरकी
चाकातल्या कड्या काढून चढाव तसाच राहिला हे वाचून पितळेचा भाऊ जेवलेच नसतील.

पितळेचा_भाऊ
नकल अजून पितळीच आहेत, हे नीट वाचा. पक्ष जिवंत आहे.

पण कड्यांचं मान्य करतो. ते वजन चाकाबरोबर गरागरा फिरतं, चाक अडकून सुटलं की सगळा झटका एक्सल आणि ड्राइव्हशाफ्टवर. तुमचा शाफ्ट पिळवटण्यामागे एकूण वजन आणि हे फिरतं वजन, दोन्ही असणार. नकलवरचं पितळ चाकाबरोबर गरगरत नाही, नुसतं दिशा वळवताना हलतं, म्हणून मी तेवढं ठेवतोच.

वोल्टेज_वहिनी
मंदगती, सर्वोच्या डोक्यावर बॅटरी ठेवलीत ती एक्सल वर-खाली झाल्यावर कशाला घासत तर नाही ना? पूर्ण दाबून बघा. लिपोला भोक पडलं तर वजन फारच वेगाने कमी होईल.

मंदगती
दाबून बघितलं, लिंकची एक बाजू जेमतेम टेकत होती. आता मध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी घातलीये आणि बॅटरी बोटभर मागे सरकवलीये.

टॉर्कमामा
शॉक उघडले. मागच्या डाव्यात तेलच नव्हतं. कधी गळलं देव जाणे. दोन वर्षं मी लेक्सनला शिव्या देत होतो. पुन्हा चढवून बघणार आहे, पण इथे येऊन सांगेनच असं नाही.

स्क्रूढिला
सांगा हो मामा, कुणी हसणार नाही. (हसू.)

अनुस्वार
सगळा धागा वाचला. एकच शंका, बाहुल्यांचं शेवटी काय झालं?

मंदगती
मुलगी म्हणाली बिनचालकाची गाडी भुताटकी वाटते, म्हणून एक परत घेतला. ३१ ग्रॅमचा होता. कंबरेखालचा भाग कापून डॅशबोर्डमागे चिकटवलाय, आता १४.

स्क्रूढिला
फोटो टाकू नका, इथे लहान मुलंही येतात.